चौकटीतले हात

बायकोनं टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या चौकटीत, त्यांची मुलगी एक हात वर आणि एक छातीशी अशी थिजून उभी होती. बातम्या वाचणाऱ्या माणसाचं तोंडही अर्धवट उघडं राहिलं होतं, पण त्याच्याशी या घरात कोणाला काही देणंघेणं नव्हतं. पडद्याच्या मधोमध एक वर्तुळ गरगर फिरत होतं. बायको त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होती, की ते माणूस असतं तर शरमेनं उठून गेलं असतं.

मग चित्र सुटलं. मुलीचे हात एकदम दुसरीकडेच होते. मधलं सगळं गिळलं गेलं होतं. पुन्हा थोडं हललं, पुन्हा अडकलं. बायकोनं स्वतःच्या गुडघ्यावर चापट मारली. बातम्या संपल्याची पाटी आली, तिथंही चित्र थांबलं, आणि चालू झालं तेव्हा साबणाची जाहिरात लागलेली होती.

ती वळली. मागच्या खुर्चीत तोंडासमोर पेपर धरून नवरा बसला होता. तिनं तळवा छातीवर ठेवला, मग मूठ वळून तोंडासमोर धरली.

त्यानं मान हलवली आणि पेपरचं पान उलटलं. पान उलटताना त्याचे कान लाल झाले होते.

हे रोजचंच होतं. तोंडासमोर मूठ म्हणजे माईक, आणि माईक म्हणजे तो. मुलीनं अगदी लहानपणी ठेवलेलं त्याचं हे नाव होतं. छातीवर तळवा म्हणजे आठवण. बातम्या संपता संपता, हात खाली घेण्याआधी, मुलगी बाबांची आठवण काढते असं बायको त्याला रोज सांगायची. त्याला स्वतःला ते कधी दिसलं नव्हतं. एक तर त्याला या खुणांतलं फारसं कळत नसे, आणि चित्र नेमकं ऐन शेवटीच माती खायचं. बायकोची गोष्ट वेगळी. तिचा जन्म हातांकडे बघण्यात गेलेला. तुटक्या-फुटक्या चित्रातूनही ती नेमकं ते पकडत असणार, असं तो धरून चालला होता.

तो बस स्थानकावर घोषणा करायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे, कोणाचं मूल हरवलं आहे आणि ते चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलं आहे, हे सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. आवाज असा खणखणीत की स्थानकामागच्या गल्लीत बायका त्याच्या पहिल्या घोषणेवर चहाचं आधण ठेवायच्या. लोक त्याला भोंगा म्हणायचे. समोर म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही वाटत नसे.

अशा माणसाची बायको जन्मापासून बहिरी निघावी, यावर स्थानकात एक विनोद होता. भोंग्याचा संसार टिकला, कारण बायकोला ऐकू येत नाही. हा विनोद पहिल्यांदा कोणी केला ते ठाऊक नाही, पण सगळ्यात जास्त वेळा तो त्यानंच सांगितला होता.

मुलीला मात्र ऐकू यायचं. ती बोलायला लागायच्या आधी आईकडून हात शिकली, आणि बोलायला लागल्यावर घराचा दुभाषा झाली. ‘आईला सांग, मला उशीर होईल.’ ‘आईला विचार, माझा निळा शर्ट कुठाय.’ तो मुलीला सांगायचा, मुलगी हातांनी आईला सांगायची. त्यामुळे त्याला स्वतःला शिकायची कधी गरजच पडली नाही. चहा, जेवण, औषध, किल्ली, बाहेर, झोप. एवढ्यावर त्याचं भागत होतं.

आणि रस्त्यात, लग्नकार्यात, चार लोकांत त्या दोघी हातवारे करायला लागल्या की त्याला अंगावर काही सांडल्यासारखं व्हायचं. लोक बघायचे. पोरं नक्कल करायची. तो मुलीच्या कोपराला हळूच धरायचा आणि म्हणायचा, “हात खाली.”

तो निवृत्त झाला त्या दिवशी स्थानकाच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. तो बोलायला उभा राहिला. इतकी वर्षं भिंतीआडून बोललेला माणूस पहिल्यांदाच लोकांना समोर दिसत होता. मुलगी पुढच्या रांगेत आईकडे तोंड करून उभी राहिली आणि तो बोलत होता तसं तसं आईला सांगू लागली. हळूहळू सभागृहातल्या माना तिच्याकडे वळल्या. मागच्या बाकावर कोणीतरी तिच्यासारखे हात केले. हशा पिकला. त्याचं वाक्य तुटलं, आणि त्यानं माईकमधूनच म्हटलं,

“हात खाली कर.”

माईक चांगला होता. स्थानकाच्या आवारातल्या रिकाम्या फलाटांवरसुद्धा ते ऐकू गेलं.

मुलीनं हात खाली केले. दुसऱ्या दिवशी ती नोकरीच्या गावी परत निघाली ती दोन दिवस आधीच. दारात बूट घालता घालता ती त्याच्याकडे न बघता म्हणाली,

“सगळ्या गावाशी बोललात बाबा. आईशी बोलायचं राहिलं.”

त्यानंतर तिचा त्याला फोन नाही, आणि त्याचा तिला नाही. आईशी ती रविवारी व्हिडिओवर बोलायची. त्या वेळी तो आपणहून पिशवी घेऊन बाहेर पडायचा आणि स्थानकातल्या बाकावर जाऊन बसायचा. परत आल्यावर काय बोलणं झालं ते विचारायचा नाही, आणि बायकोही सांगायची नाही.

पुढं मुलीला एका वृत्तवाहिनीत काम मिळालं. दुपारच्या बातम्या ती हातांनी सांगायची. ती वाहिनी केबलवर येत नव्हती, इंटरनेटवरच दिसायची. म्हणून त्यानं टीव्हीला जोडायचा तो लहानसा डबा आणला, आपणहून आणला. आणि पहिल्याच आठवड्यात बायकोनं वळून त्याला ती खूण केली. छातीवर तळवा, तोंडासमोर मूठ.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला जरा थंडावा मिळाला होता. फोन उचलावा असं कधी मनात आलंच, तर तो स्वतःला सांगायचा, घाई कसली? पोर रोज आठवण काढते आहे. साऱ्या जगासमोर काढते आहे. निवळेल राग, बोलेल एक दिवस आपणहून.

पण चित्र दिवसेंदिवस बिघडत चाललं होतं. बायको पडद्याला नाक लावून बसायची आणि तिचा कपाळशूळ उठायचा. शब्द गाळून गाळून घोषणा केली तर काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? स्थानकातला एक कर्णा मध्ये खराब झाला होता, तेव्हा म्हातारी माणसं भलत्याच गाडीत चढून बसायची. असं अर्धं-मुर्धं ऐकणं न ऐकण्यापेक्षा वाईट. आणि खरं सांगायचं, तर त्याला ती खूण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

त्यानं बायकोला खुणेनं सांगितलं की उद्या केबलवाल्याला बोलावतो; इंटरनेटची लाइनही त्याचीच होती. टीव्हीकडे बोट, मग दाराकडे, मग स्क्रू पिळल्यासारखी मनगटाची हालचाल. तिला कळलं. तिनं हात झटकला. राहू दे. त्यानं पुन्हा केलं. तिनं पुन्हा हात झटकला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. त्याला वाटलं, घरात कोणी परका माणूस येणार, पसारा होणार, म्हणून नको म्हणत असेल.

केबलवाला आला तो वायरचं भेंडोळं आणि तोंडाची टकळी घेऊनच. दारावरची घंटा दाबली की घरात लाल दिवा लागतो, हे बघून तो आधी तिथंच दोनतीनदा दाबून उभा राहिला.

“झकास आहे हे! कोणी केलं?”

“मुलीनं.”

“आणि डबा कुठं आहे? वायफायचा?” त्यानं घरभर नजर फिरवली आणि कपाटाचं दार उघडलं. “काका, कपाटात? कपड्यांच्या मागं? त्याला काय कोणाची दृष्ट लागणार होती का?”

त्यानं डबा बाहेर काढला, पुसला, भिंतीच्या कडेनं टीव्हीपर्यंत वायर ओढली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मग त्यानं टीव्हीवर प्लेअर उघडला, आणि त्यातल्या सेटिंगमध्ये शिरला. त्या वेळी वाहिनीवर कसलातरी चर्चेचा कार्यक्रम चालू होता आणि कोपऱ्यातल्या चौकटीत कोणी एक चष्मेवाला माणूस अडखळत हात हलवत होता.

“हे बघा. क्वालिटी तुम्ही ऑटोवर ठेवलीय. म्हणजे याला क्षणाक्षणाला ठरवायला लागतं, की बाबा सुंदर दाखवू का भराभर दाखवू? साडीच्या दुकानात बसल्यासारखं. ठरवण्यातच दिवस जातो.”

“मग तुम्ही ठरवून टाका.”

“मी टाकतो, पण ठरवायचं तुम्हीच. तुमच्या लाइनला जोर कमी आहे. या गल्लीत सगळ्यांचीच बोंब आहे. आता नळाला पाणीच बारीक, तर मी काय करू? टाकी मोठी करू शकतो.” त्यानं रिमोटनं एक आकडा वाढवत नेला. “याला बफर म्हणतात. चित्र आल्या आल्या दाखवायचं नाही, आधी थोडं साठवायचं आणि मग सोडायचं. मधे नळ गेला तरी धार तुटत नाही. फक्त काय, जग बघेल त्याच्या जरा मागाहून तुम्हाला दिसेल.”

“उशीर झाला तर चालेल.”

“आता चित्र. लखलखीत पाहिजे की सलग? दोन्ही नाही मिळणार. तुम्ही नक्की बघता काय यात?”

नवऱ्यानं कोपऱ्यातल्या चौकटीकडे बोट केलं.

“हा चष्मेवाला?”

“नाही. दुपारी तिथं आमची मुलगी असते.”

हे वाक्य त्यानं बऱ्याच दिवसांत मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. केबलवाल्याची टकळी थांबली. त्यानं दारातल्या बाईकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरला, यावेळी जरा सावकाश.

“मग मुलगीच बघू ना,” तो म्हणाला. “बातम्या कशाला पाहिजेत?”

त्यानं काय केलं कोण जाणे, पण चित्र मोठं होत, सरकत गेलं. चर्चा करणारी माणसं एकेक करून पडद्याबाहेर गेली आणि कोपऱ्यातली चौकट साऱ्या टीव्हीभर झाली. चष्मेवाला माणूस कमरेपासून वर एवढा मोठा होऊन त्यांच्या खोलीत उभा राहिला.

“एवढं ताणल्यावर चित्र फुटणारच. तर आता सांगा. लखलखीत ठेवलं, तर तोंड ओळखू येईल पण हात उड्या मारतील. सलग केलं, तर हात पळतील पण तोंड पुसट होईल. काका, चेहरा हवा की हात?”

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि तो बायकोकडे वळला.

चहा, जेवण, औषध, किल्ली यापलीकडचं काही त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. त्यानं पडद्याकडे बोट केलं. स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोटानं गोल काढला. मग दोन्ही हात वर करून हलवले. मग दोन तळवे पुढं धरून तराजूसारखे खालीवर केले. परक्या माणसासमोर आपण हे करतो आहोत, हे हात वर असतानाच त्याच्या लक्षात आलं, पण केबलवाला रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून पुन्हा घालत होता.

तिला कळलं होतं. पण तिनं लगेच काही सांगितलं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. इतका वेळ, की त्याला वाटलं आपलंच काही चुकलं, आणि त्यानं ते सगळं पुन्हा एकदा केलं. शेवटी तिनं पदराला हात पुसले आणि दोन्ही हात, बोटं फाकवून, त्याच्यासमोर धरले.

“हात,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं धुतलेला शर्ट घातला. पेपर टेबलावरच राहू दिला. बायको तिच्या जागी, पडद्यासमोर बसली, पण आज तिला नाक लावायची गरज नव्हती. लेक भिंतीएवढी झाली होती. चेहरा खरोखरच पुसट होता. भुवया, ओठ, हनुवटी, सगळं ओल्या कागदावर उमटल्यासारखं. पण हात वाहत होते. एका शब्दातून दुसरा शब्द निघत होता, कुठं ठेच नाही, कुठं खंड नाही.

त्याला अर्थ लागत नव्हता, तरी तो पुढं सरकून बसला. इतक्या दिवसांत तो हातांचे तुकडे बघत आला होता. हातांनाही आवाज असतो, चढउतार असतो, हे त्याला आज दिसत होतं. महत्त्वाचं काही सांगायच्या आधी ती किंचित थांबत होती. वाक्य संपताना शेवटची खूण क्षणभर रेंगाळू देत होती. गाडीचं नाव घेताना तो शेवटचं अक्षर अगदी असंच लांबवायचा, म्हणजे लांबच्या फलाटावरच्या माणसालाही पोचावं. हे तिला कोणी शिकवलं असेल?

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती शब्द न् शब्द पीत आहे. कुठल्याशा बातमीला तिनं मान हलवली, कुठल्याशा बातमीला जीभ चावली. चित्र अडकलं नाही.

बातम्या संपत आल्या. त्यानं खुर्चीच्या दांड्या धरल्या. मुलीनं दोन्ही हात जोडून सगळ्यांचा निरोप घेतला. मग हात खाली आले. ते खालीच राहिले. संपल्याची पाटी सरकत होती तोवर ती तशीच उभी होती. तिनं एका बाजूला, कॅमेऱ्याबाहेर कोणाकडे तरी बघून मान डोलावली, बाहीला चिकटलेलं काहीतरी झटकलं, आणि चौकटीतून निघून गेली. रिकामी भिंत थोडा वेळ दिसत राहिली. मग साबणाची जाहिरात लागली, तीही न अडकता.

बायको वळली. तिचा तळवा सवयीनं छातीकडे निघाला होता. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, नुसती वाट बघणं होतं. त्यानं दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली, मग पडद्याकडे, आणि मान हलवली. दिसलं. मग, ते पुरेसं झालं नाही असं वाटून, त्यानं स्वतःच छातीवर तळवा ठेवला आणि तोंडासमोर मूठ धरली.

ती उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे अजून ओले होते. तिनं ते सगळे काढून आणले, बघितले, आणि पुन्हा नेऊन वाळत घातले.

तो स्थानकाच्या बाकावर जाऊन बसला. रविवार नव्हता, त्यामुळे चहावाल्यानं विचारलं,

“आज मधेच कसे, भोंगा?”

“सहज.”

मनात तो मागचे सगळे दिवस चाळत होता. रोज दुपारी तो कान लाल करून, पेपरामागं लपून जे घेत आला होता, ते मुलीनं कधी पाठवलंच नव्हतं. त्याला बायकोचा राग यायला हवा होता. त्यानं तो आणूनही पाहिला. पण डोळ्यांसमोर येत होते ते तिचेच हात. रोज, न चुकता, ती वळून त्याच्यासाठी ती खूण करत होती, आणि ती करायला तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं. शिवाय काल ती ‘चेहरा’ म्हणू शकली असती. केबलवाल्यानं तसं करून दिलं असतं. हात उड्या मारत राहिले असते, आणि तो जन्मभर समाधानानं पेपर उलटत राहिला असता.

एक गाडी लागली, एक सुटली. अंधार पडायच्या आत तो घरी आला.

त्यानंतर बायकोनं बातम्या संपल्यावर वळणं सोडलं. तो मात्र खुर्ची सोडून तिच्या शेजारी येऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी ती थोडी सरकली आणि तिनं त्याच्याकडे संशयानं बघितलं. मग सवय झाली. मुलगी एखादी खूण करायची आणि बायको कधी कधी त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारून ती पुन्हा करून दाखवायची, बाजूच्या माणसाला दाणे द्यावेत तशी. हा पूर. ही शाळा. हा संप. पुराची खूण त्याला आवडली. दोन्ही तळवे खालून वर सरकत यायचे. संपाची त्याला कधीच जमेना. बोटं म्हातारी होती, मनगट ऐकायचं नाही. ती तोंडावर हात ठेवून हसायची. तिचं हसू मात्र नेहमीच मोठ्यानं असायचं, आपलं हसणं किती मोठं आहे हे तिला कधी कळलं नव्हतं. पूर्वी तो खिडकी लावून घ्यायचा.

फोनवर मुलीचा नंबर होता. रोज संध्याकाळी तो नंबर उघडायचा, बघायचा आणि बंद करायचा. आता घाई कसली असं स्वतःला सांगायची सोय राहिली नव्हती. कोणी आठवण काढत नव्हतं. राग निवळत असल्याचा काही पुरावा नव्हता. पण फोन करून म्हणायचं काय? इतकी वर्षं त्याच्यासमोर कागद असायचा. गाडीचं नाव, फलाट, वेळ. आपलं स्वतःचं वाक्य त्यानं माईकवर एकदाच उच्चारलं होतं.

मग एका दुपारी मुलगी चौकटीत आली आणि बायको ताडकन उठली. ती पडद्यापाशी गेली. मुलीच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जाड पांढरी पट्टी होती. बोट वाकत नव्हतं. त्या बोटाच्या खुणा ती मधल्या बोटानं भागवत होती, आणि ज्या भागत नव्हत्या तिथं तिचे हात एकदम मंद होत होते. चेहरा पुसट. दुखत असेल का, हे चेहऱ्यावरून कळायची काही सोय नव्हती.

बायकोनं वळून त्याला विचारलं. हे त्याला न शिकवताही कळलं. काय झालं?

त्यानं खांदे उडवले. त्याला कुठून ठाऊक असणार?

तिनं फोन काढून मुलीला संदेश लिहिला. उत्तर नाही. बातम्या संपल्या, मुलगी चौकटीबाहेर गेली. बायकोनं पुन्हा लिहिलं. ती फोन हातात घेऊन खोलीत येरझारा घालू लागली, थांबून फोनकडे बघायची, पुन्हा चालायची. ती उत्तराची वाट बघू शकत होती. कामाच्या जागी मुलीला व्हिडिओ घेता यायचा नाही, आणि नुसता फोन लावून विचारणं तिच्या हातात नव्हतं.

त्यानं आपला फोन घेतला. नंबर रोजच्यासारखा उघडला आणि दाबला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

“बाबा? आईला काय झालं?”

त्यानं घसा खाकरला.

“काही नाही. आई बरी आहे. इथंच आहे, समोर.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग?”

“तुझ्या बोटाला काय झालं?”

पलीकडे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. दार लागल्याचा आवाज आला, आणि खुर्च्यांचे आवाज बंद झाले.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दिसलं.”

“टीव्हीवर? ते केवढं असतं, त्यात बोट दिसलं?”

“आता नीट दिसतं. सेटिंग बदलून घेतलंय.” त्यानं पुढं काही सुचतं का पाहिलं. “तू मोठी दिसतेस. सलग दिसतेस.”

“गाडीच्या दारात चेंगरलं,” ती म्हणाली. “काल. नख गेलंय. मोडलंबिडलं नाहीये. डॉक्टरनं सांगितलं, थोड्या दिवसांत नीट होईल. आईला म्हणावं काळजी करू नको, मी लिहिते तिला.”

बायको त्याच्या समोर येऊन उभी राहिली होती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, मग डोळ्यांकडे, मग पुन्हा ओठांकडे.

त्यानं फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला. दोन्ही हात मोकळे केले. गाडी कशी करायची? त्यानं हातात स्टिअरिंग धरून फिरवलं. मग एक तळवा उभा करून दार केलं, ते उघडलं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यात घातलं आणि दार लावलं. बायकोनं आपलंच बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरलं. मोडलंय? तिनं काडी मोडल्यासारखं करून विचारलं. त्यानं मान जोरात हलवली. नाही, नाही. त्यानं नखावर टिचकी मारली आणि फुंकर घालून उडवून लावलं. नख. फक्त नख. ते परत वाढतं हे कसं सांगायचं, त्याला सुचेना. मग त्याला पुराची खूण आठवली. एका बोटाच्या टोकाशी दुसरं बोट धरून त्यानं ते अगदी हळूहळू वर सरकवत नेलं.

तिनं मान वाकडी करून ते पाहिलं. तिच्या खांद्यांतला ताण उतरला.

फोन खांद्यावरून घसरू लागला होता. त्यातून मुलीचा आवाज येत होता.

“बाबा? आहात ना? ऐकू येतंय का?”

“थांब जरा,” तो म्हणाला. “आईला सांगतोय.”

मुलीनं फोन ठेवला नाही.